गॅरेजला सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण जॉब कार्ड कोण भरणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाड भागात सध्या आमच्या लाईनीतल्या लोकांकडं सॉफ्टवेअर विकणारी पोरं लई फिरायला लागलीयत. टॅब घेऊन येतात, चहा पितात, आणि चहा संपायच्या आत तुमचं गॅरेज कसं स्मार्ट होणार ते दाखवून मोकळी होतात. वर्षाचे पैसे भरा, मग बिल आपोआप, स्टॉक आपोआप, गिऱ्हाइकाला सर्व्हिसिंगची आठवण आपोआप. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि आमच्याकडं सॉफ्टवेअर चालू पण आहे, आता परत वहीवर जा म्हणालात तर मी जाणार नाही, त्यामुळं मी काय विरोधात बोलतोय असं कृपा करून समजू नका. पण आपोआप काहीच होत नाही आणि हे विकणारा सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच चार ओळी लिहाव्या. चारच्या जास्त झाल्यात, जागा नसेल तर मधलं कापा.

ज्यांचा आमच्याशी संबंध गाडी सोडण्यापुरता आणि नेण्यापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगतो, शोरूमला जोडलेलं सर्व्हिस सेंटर वेगळं आणि आमच्यासारखं सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं गॅरेज वेगळं. तिकडं दारातच अ‍ॅडव्हायजर उभा असतो, गाडीला चक्कर मारून सगळं टिपून घेतो, पार्टचा माणूस वेगळा, बिलाचा वेगळा, आणि सिस्टीम कंपनीनंच दिलेली असते. आमच्याकडं मालकच अ‍ॅडव्हायजर, मालकच टेस्ट ड्राइव्हला जाणार, वसुलीचे फोन मालकच करणार, आणि इंजिन उतरवायचं असलं की चेन ब्लॉकला हात पण मालकच लावणार. अशा माणसाला सांगायचं की प्रत्येक गाडीमागं वीस रकाने भरा, तर तो पहिले आठ दिवस हौसेनं भरतो, नंतर संध्याकाळी आठवून आठवून भरतो, आणि महिन्यानं फक्त बिल काढण्यापुरतं उघडतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच गॅरेजात हेच झालंय. पैसे भरलेत हजारात आणि वापर होतो छापलेल्या पावतीपुस्तकाएवढा.

खरा फायदा कुठं आहे ते आधी सांगतो. वहीत आमची नोंद कशी असते, तर 'पांढरी बोलेरो, तासगाव, क्लच'. आता तासगाव बाजूला पांढऱ्या बोलेरो किती आहेत ते तुम्हीच मोजा. दीड वर्षानं तो माणूस येऊन म्हणतो की मागच्या वेळी तुम्हीच काम केलं होतं, आणि आपण डायऱ्या चाळत बसतो, त्यातली नेमकी ती डायरी सापडत नाही. सॉफ्टवेअरमधे गाडीचा नंबर टाकला, एमएच १० असो, कोल्हापूरची ०९ असो नाहीतर साताऱ्याची ११, की त्या गाडीची मागची सगळी कामं समोर येतात, किती किलोमीटरला ब्रेक पॅड टाकले, कुठल्या कंपनीचे टाकले, तेव्हा काय बोललो होतो. गिऱ्हाईक फोन नंबर बदलतं, गाडी मेव्हण्याला विकतं, तरी गाडीचा नंबर तोच राहतो. ही एक गोष्ट इतकी मोठी आहे की बाकीचं काही नसलं तरी चालेल. पण ती मिळणार कधी, तर गाडी आल्या आल्या नोंद झाली तरच. गाडी गेल्यावर बिलापुरती नोंद केली तर त्यात पार्टची नावं राहतात, गाडीला झालं काय होतं ते राहत नाही.

म्हणून सगळा जीव जॉब कार्डात, म्हणजे गाडी आत घेताना तिची नोंद करायच्या कागदात आहे. गाडी आत घेतानाच नंबर, किलोमीटर, टाकीत डिझेल किती, स्टेपनी आहे का, जॅक आहे का, म्युझिक सिस्टीम आहे का, कुठं ओरखडा आहे, आणि चारी बाजूनं मोबाईलवर फोटो. फोटोला दोन मिनिटं लागतात. पण गाडी न्यायला आल्यावर 'हा चरा तुमच्याकडंच पडला' म्हणून जो तासभर वाद होतो, चार माणसं गोळा होतात, त्यात एखादा पुढारी पण येतो, ते सगळं वाचतं. आम्ही फोटो काढायला लागल्यापासून असला वाद जवळजवळ बंद झालाय, आणि दोनतीनदा तर फोटो बघून चूक आमच्याच पोराची निघाली, तर आम्ही गुपचूप टचअप करून दिलं. फोटो दोन्हीकडून बोलतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्रार. गिऱ्हाईक जे बोलतंय ते तसंच्या तसं लिहून घ्यायचं, त्याच्याच भाषेत. आता बघा, एक माणूस म्हणतो गाडी गरम होते. एवढंच लिहून घेतलं तर मेकॅनिक थर्मोस्टॅटपासून हेड गॅस्केटपर्यंत सगळं शोधत बसणार. पण त्याला विचारलं कुठं गरम होते, आणि तो म्हणाला विश्रामबागला सिग्नलवर उभा राहिलो की काटा चढतो, पेठ नाक्याच्या पुढं हायवेला लागलो की परत खाली येतो, तर आधी फॅन बघायचा, फॅनची मोटर, रिले, फ्यूज, कारण गाडी पळताना वारा आपोआप लागतोय आणि उभी राहिली की लागत नाही. आणि तोच जर म्हणाला गावात काही होत नाही पण खंबाटकी नाहीतर कुंभार्ली चढताना गरम होते, तर रेडिएटर आतून बुजलाय का, वॉटर पंप पाणी फिरवतोय का, ते बघायचं. एका वाक्यानं अर्धा दिवस वाचतो. आता सॉफ्टवेअरमधे काय असतं, तक्रारीच्या जागी तयार इंग्रजी यादी असते, त्यातलं एक निवडा. समोरचा सांगतोय सकाळी थंड असताना पहिल्या गियरला झटका मारती आणि एकदा गरम झाली की काही नाही, आणि आपला काउंटरवरचा माणूस यादीतलं 'जनरल चेकअप' दाबून मोकळा. खाली मेकॅनिकला तेवढंच दिसतं. मग तो गाडी फिरवून आणतो, तोवर गाडी गरम झालेली असते, झटका येत नाही, आणि तो म्हणतो काही नाही गाडीला. गाडी तशीच परत जाते आणि आठवड्यानं शिव्या घेऊन येते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझी एकच मागणी असेल तर ती इथं आहे. तक्रारीची जागा मोकळी ठेवा आणि मराठीत लिहिता येऊ द्या. आता फोनवर बोललं की मराठी टाईप होतं, नव्वद टक्के बरोबर येतं, काळ्या हातानं कीबोर्ड बडवायची पण गरज नाही. मग अ‍ॅपमधे देवनागरी टाकलं की बिलावर चौकोन चौकोन छापून येतात हे कसं काय चालतं? मराठीला अभिजात दर्जा मिळाला ऑक्टोबर २०२४ मधे, आनंदच आहे, आता तो जरा छापील बिलापर्यंत पण येऊ दे.

सॉफ्टवेअरचा फायदा दिसणारी दुसरी जागा म्हणजे वाढीव काम, गाडी खोलल्यावर नव्यानं निघालेलं. बाहेरच्या लोकांना वाटतं गॅरेजवाला मुद्दाम काम काढतो. काढणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण पुष्कळदा खोलल्याशिवाय कळतच नाही. क्लच प्लेट बदलायला गियरबॉक्स खाली घेतला की दिसतं, क्रँकचं मागचं ऑईल सील गळतंय. सील काही फार महाग नसतं, पण ते आत्ताच बदललं नाही तर नव्या प्लेटवर तेल जाणार, प्लेट घसरणार, आणि गियरबॉक्स परत खाली घ्यायचा, मजुरी परत तेवढीच. आता गाडीचा मालक कुठं, तर बाजार समितीत हळदीच्या सौद्यात, फोन उचलत नाही. पूर्वी आम्ही करून टाकायचो आणि बिलाच्या वेळी सांगायचो, मग तो म्हणणार मला कुठं विचारलं. आता गळतीचा फोटो, वाढीव रक्कम आणि 'करू का' असं जॉब कार्डावरून थेट व्हॉट्सअ‍ॅपला जातं, तो सौद्यातनं बाहेर आला की 'करा' म्हणून टाकतो, आणि ते वेळेसकट त्या कार्डावर राहतं. यात सॉफ्टवेअरची किंमत वसूल होते असं माझं मत आहे. गंमत म्हणजे हेच काम साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर पण होतं, फुकट, फक्त नंतर शोधायला अवघड जातं.

पैसे कुठं गळतात हे पण लिहितो, कारण ते आमच्यातलेच लोक उघड बोलत नाहीत. मोठा पार्ट कुणी बिलात घालायचा विसरत नाही. विसरतात त्या बारीक गोष्टी, अर्धा लिटर कूलंट, ब्रेक ऑईल, होज क्लिप, दोन फ्यूज, एक बल्ब, गॅस्केटला लावायचं सिलिकॉन, बंपरच्या तुटलेल्या क्लिपा. पोरगं रॅकवरून उचलतं आणि लावतं, लिहीत कुणी नाही. आणि दुसरं म्हणजे बाहेरचं काम. फ्लायव्हील लेथवर फेसिंगला गेलं, नोजल पंपवाल्याकडं टेस्टिंगला गेले, रेडिएटर दुरुस्तीला गेला. ही माणसं ओळखीची, त्यांचं बिल पंधरा दिवसांनी एकगठ्ठा येतं, तोवर गाडी जाऊन पैसे पण मिळालेले असतात आणि मग कळतं की एका गाडीचं लेथचं काम आपण आपल्याच खिशातून केलं. चांगल्या सॉफ्टवेअरमधे एक सोय असते, बाहेर दिलेली वस्तू कार्डावर टाकली की तिचा आकडा भरल्याशिवाय कार्ड बंद होत नाही. ही सोय आहे का ते विकणाऱ्याला जरूर विचारा, पंधरा रंगांचे ग्राफ नसले तरी चालतील.

पार्टच्या वॉरंटीचं पण असंच. बॅटरी, अल्टरनेटर, क्लच सेट यांना कंपनीची मुदत असते, पण मागायला गेलं की डीलर विचारतो बिल नंबर काय, कुठल्या तारखेला लावला, तेव्हा किलोमीटर किती होते. वही असताना आम्ही बहुतेक वेळा भांडायचा कंटाळा करून नवीन पार्ट पदरचा घालायचो. आता नंबर टाकला की निघतं. स्टॉकची गोष्ट मात्र वेगळी, तिथं माझा फार विश्वास बसलेला नाही. २१० लिटरच्या बॅरलमधनं कुणी साडेतीन लिटर काढतं कुणी चार, थोडं सांडतं, थोडं टॉप-अपला जातं, आणि महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअर म्हणतं बॅरलमधे अजून बरंच ऑईल आहे आणि पंप तर हवा ओढतोय. फिल्टर, पॅड, बेअरिंग असल्या नगावर मोजायच्या वस्तूंचाच स्टॉक ठेवा, बाकीचं बॅरल संपल्यावर बघा. छोट्या गॅरेजला त्यापुढं जाण्यात डोकं फुटतं आणि तसंही निम्मा माल आपण गाडी बघून कोल्हापूरहून नाहीतर पुण्याहून मागवतो, रात्री ट्रॅव्हल्सला टाकला की सकाळी हजर.

जीएसटीबद्दल विकणारा छाती ठोकून सांगतो की आमचं सॉफ्टवेअर जीएसटी रेडी आहे. १ जुलै २०१७ पासून सगळेच रेडी आहेत हो. प्रश्न असा की आत आयटमची जी यादी आहे तिचे दर कोण सांभाळणार. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, गाड्यांच्या ज्या बहुतेक पार्टवर २८ टक्के होते ते १८ वर आले, ट्रॅक्टरचे ठराविक पार्ट तर ५ वर गेले. आमच्या भागात एकाच रॅकवर पिकअपचा पार्ट आणि ट्रॅक्टरचा पार्ट शेजारी असतो. यादीत जुना दर राहिला तर बिल चुकीचं, आणि चुकीचं बिल दिलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, सॉफ्टवेअरवाल्याला नाही. आणखी एक, ज्यांची उलाढाल कमी आहे आणि जीएसटी नंबरच घेतलेला नाही त्यांच्या बिलावर पण काही सॉफ्टवेअर डोळे झाकून 'टॅक्स इन्व्हॉइस' छापतं आणि खाली टॅक्सची ओळ येते. नंबर नसताना टॅक्स घेता येत नाही. कंपोझिशनमधे असाल, म्हणजे सेवेवाल्यांना ५० लाखांपर्यंत उलाढालीला ६ टक्क्यांची जी सोय आहे ती, तर तो टॅक्स पण गिऱ्हाइकाकडून वेगळा लावता येत नाही, आपल्याच पदरचा भरायचा असतो. पहिल्या दिवशी आपल्या सीएला शेजारी बसवून सेटिंग करून घ्या, एक दिवसाचं काम आहे.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आणि सॉफ्टवेअर यात पण लोकांची गल्लत होते. बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्या १ एप्रिल २०२० पासून आल्या, त्यांना स्कॅनर लावल्याशिवाय हात घालता येत नाही हे खरं, पण स्कॅनर गाडीशी बोलतो आणि मॅनेजमेंट सॉफ्टवेअर हिशोबाशी. एकाच डब्यात दोन्ही देतो म्हणणाऱ्यापासून जरा लांबच राहा. आणि स्कॅनरनं पी ०३०० दाखवलं म्हणजे मिसफायर आहे, सिलेंडरमधे इंधन नीट पेटत नाही, एवढंच कळलं, प्लग गेलाय, कॉईल गेलीय का इंजेक्टर, ते शोधायचं काम मेकॅनिकलाच करायचंय. कोड आला की तो जॉब कार्डावर लिहा, खोडायच्या आधी लिहा, पुढच्या वेळी तोच कोड परत आला तर त्याचा उपयोग.

आता माणसांकडं येतो, कारण सॉफ्टवेअर बंद पडतं ते माणसांमुळं. पहिली गोष्ट, मेकॅनिकच्या हातात टॅब देऊ नका. त्याच्या हाताला ग्रीस आहे आणि त्याचं डोकं आवाज ऐकण्यात आहे. त्यानं फक्त तोंडानं सांगायचं. भरायला काउंटरवर एक माणूस पाहिजेच, आणि आमच्या भागात हे काम आता बायका, मुली फार चांगलं करतायत, कुणाची सून, कुणाची बहीण, कुणी शेजारची बीकॉम झालेली मुलगी. पूर्वी गॅरेजात बाई म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली गिऱ्हाइकीण, एवढंच. आता तीच विचारते, काका आवाज डाव्या चाकाकडनं येतोय का उजव्या, ब्रेक दाबला की येतोय का वळवल्यावर. सुरवातीला गिऱ्हाईक हसायचं, आता तिलाच फोन करतं. तिचा पगार सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि तो धरूनच हिशोब करा, नुसत्या भाड्याचा करू नका. तेवढं काम नसेल, दिवसाला दोनतीनच गाड्या येत असतील, तर खरंच सॉफ्टवेअरची घाई करू नका.

दुसरी गोष्ट, मेकॅनिकवार रिपोर्ट. कुणी किती कार्डं बंद केली, किती धंदा दिला, असा एक तक्ता निघतो आणि मालकाला तो बघायला आवडतो. त्या तक्त्यात दिवसभर ऑईल बदलणारं पोरगं सगळ्यात वर असतं आणि दोन दिवस वायरिंगमधला एक शॉर्ट शोधत बसलेला तुमचा सगळ्यात हुशार वायरमन सगळ्यात खाली. हा तक्ता भिंतीला लावलात तर तो माणूस पुढच्या महिन्यात शेजारच्या गॅरेजात दिसेल. आणि मेकॅनिक लोकांना आधीच धाक असतो की मालकानं हे आमच्यावर नजर ठेवायला आणलंय, मग ते मुद्दाम अर्धवट सांगतात. त्यांना पहिल्यांदा सांगा की गाडी परत आली तर तुझी चूक होती का पार्ट खराब होता हे या कार्डामुळं सिद्ध होतं, तुझ्याच बाजूचं आहे. हे पटलं की ते स्वतः येऊन सांगतात, ताई लिहून घे, गाडीच्या मालकाला सांगितलं होतं बुश गेलेत, नको म्हणाला.

तिसरी गोष्ट उधारी, आणि हे बेंगळुरूत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कळणं अवघड आहे. आमचं निम्मं गिऱ्हाईक शेतीवर. उसाचं बिल आलं की देतो, द्राक्षं निघाली की देतो, बेदाणा विकला की देतो. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कारखान्यानं १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे म्हणे, तो नियम आमच्या उधारीच्या वहीपर्यंत अजून पोचलेला नाही. तर अशा माणसाला सॉफ्टवेअर सकाळी नऊ वाजता इंग्रजीत मेसेज टाकतं, डिअर कस्टमर, तुमचं पेमेंट ओव्हरड्यू आहे. बापाच्या वेळेपासून येणारा माणूस तो, एक रुपया कधी बुडवलेला नाही. तो मेसेज वाचतो, पुतण्याकडनं अर्थ विचारतो, संध्याकाळी पैसे आणून टेबलावर ठेवतो आणि परत कधीच येत नाही. उधारीची आठवण आपोआप जायची सेटिंग पहिल्या दिवशी बंद करा. यादी बघा, फोन स्वतः करा, आधी पाऊसपाणी विचारा आणि मग गाडी बरी चालतीय का ते विचारा, त्याला बरोबर कळतं. सर्व्हिसिंगची आठवण जाऊ दे, तिचं कुणाला वाईट वाटत नाही, पण ती पण मराठीत.

कुणी विचारेल एवढी कटकट आहे तर मग वहीच काय वाईट होती. सांगलीकराला याचं उत्तर सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. मारुती चौक, स्टेशन रोड, गणपती पेठ, दुकानंच्या दुकानं पाण्यात. वह्यांचा लगदा झाला, कुणाकडं किती येणं होतं ते आठवणीवर. आणि पाणी उतरल्यावर पुरात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली, विम्याच्या सर्व्हेअरला प्रत्येक गाडीचं पार्टवार एस्टिमेट पाहिजे, फोटो पाहिजेत. पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला की सिलेंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनचं तसलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. म्हणून 'गाडी टो करून आणली, स्टार्टर मारलेला नाही' ही एक ओळ कार्डावर तारखेसकट असणं म्हणजे गिऱ्हाइकाचं केवढं मोठं काम होतं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा ज्यांची नोंद फोनवर होती ते कुठं पण बसून काम करू शकत होते. त्यामुळं नोंद पाण्याच्या वर कुठंतरी पाहिजे, यात वाद नाही.

पण ती नोंद कुणाची, हा प्रश्न आहे. आमच्या एका जवळच्या गॅरेजवाल्यानं एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षी भाडं वाढवून मागितलं, तो नको म्हणाला, तर मुदत संपली त्या दिवसापासून लॉगिन बंद. सगळ्या गाड्यांचा इतिहास आत. फोन केला तर म्हणे आधी पैसे भरा, मग बघू. म्हणून पैसे द्यायच्या आधी डेमोमधेच सांगा, आत्ताच्या आत्ता दहा गाड्या भरतो आणि त्या एक्सेलमधे काढून दाखव. दाखवलं तर पुढं बोलायचं. नंतर दर महिन्याला एक्सेल काढून ठेवायची, पेन ड्राइव्हवर म्हणा मेलवर म्हणा. आणि आमच्याकडं लोकांचे फोन नंबर असतात, गाडीचे नंबर असतात, पॉलिसी कधी संपते ते असतं. हे कुणी उचलून विम्याच्या एजंटला दिलं तर गिऱ्हाईक बोलणार आम्हालाच. २०२३ साली वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, नियम पण २०२५ च्या नोव्हेंबरात आलेत, म्हणजे हा आता नुसता विश्वासाचा मामला राहिलेला नाही. अटींचा कागद इंग्रजीत बारीक अक्षरात असतो, पोरांकडनं वाचून घ्या.

शेवटी एक आयटीआयवाल्यांसाठी. मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं आमच्याकडं अप्रेंटिसला येतात, चांगली असतात, व्हॉल्व्ह क्लिअरन्स विचारला तर सांगतात. पण समोर गिऱ्हाईक उभं केलं आणि म्हटलं याची तक्रार लिहून घे, तर पेन हातात धरून गप्प. चार प्रश्न कसे विचारायचे, अंदाज कसा द्यायचा, पार्ट आणि मजुरी वेगळी कशी लिहायची, हे वर्कशॉपमधे रोज करून घेतलं पाहिजे, कागदावर का होईना. कोणतं सॉफ्टवेअर ते नंतर बघता येतं, दर दोन वर्षांनी नवीन येतंच.

आणि जे गॅरेजवाले आत्ता घ्यायच्या विचारात आहेत त्यांना मी काय सांगतो, आधी छापखान्यातनं शंभर पानी जॉब कार्डाचं पॅड छापून घ्या, डबल कॉपीचं, एक गिऱ्हाइकाला एक आपल्याला. एक सीझन ते नीट भरलं गेलं तर खुशाल सॉफ्टवेअर घ्या, तुम्हाला ते लगेच जमेल. आमच्या पॅडचा नमुना कुणाला बघायचा असेल तर या, कुणाला नाही म्हणणार नाही, फक्त रविवारी येऊ नका, बंद असतं.

आपला,
एक गॅरेजवाला, कुपवाड रोड, सांगली